अंथऊच्या आधीचा उजेड

अन्याय झाला तो बोरगावच्या पद्माक्कावर. कधी झाला तेही सांगते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की पोरीनं नुसता आरडाओरडा केला. गेल्या वर्षी दिवाळी सरल्यावर आमच्या जेटस्की क्लबची पहिली ट्रिप कारवारच्या पुढच्या एका बेटावर गेली, त्या शनिवारी, संध्याकाळी, सूर्य समुद्रापासून दोन हात वर असताना. जेटस्कीची लाल दोरी पद्माक्काच्या मनगटाला बांधून झाली होती. ती सोडायला लावली, आणि त्याच हातानं तिला पीठ मळायला बसवलं. साक्षीदार मी. शिवाय समुद्र.

ती दोरी काही शोभेची नसते. एक टोक मनगटाला, दुसरं मशीनला. बसणारा पाण्यात पडला की दोरी निसटते आणि मशीन जागेवर बंद पडतं. म्हणजे दोरी ज्याच्या हाताला, मशीन त्या घडीला त्याचं. हे एवढं लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता वर्षानं हे उकरून काढायचं कारण हवा. परवा कंग्राळीवरून येत होते. भात कापून झालेलं, बांधावर पेंढ्या रचलेल्या, आणि ओल्या धसकटांचा तो गोडूस वास थेट नाकात शिरला. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक, त्यातून सांडलेल्या कांड्या, त्यावर टपलेली शेरडं. बेळगावची थंडी अजून अंगाला नुसती चाटून जाते, चावत नाही. असे दिवस आले की इतरांना हुरडा आठवतो, लग्नं आठवतात. मला पेट्रोल आणि तंबाखूचा मिसळलेला वास आठवतो. आमची जेटस्की वर्षातले आठ महिने बोरगावात एका जुन्या तंबाखूच्या वखारीत ताडपत्रीखाली झोपते. ती धुवा, पुसा, समुद्रात बुचकळा, वास जात नाही. कारवारचा नावाडी पहिल्यांदा तिच्याजवळ आला तेव्हा सलग शिंकत सुटला. म्हणाला, हे कसलं वाहन, ह्याला तर सर्दी आहे.

क्लब म्हणजे फार काही समजू नका. भरतेश अण्णा, म्हणजे पद्माक्काचा नवरा, ऊस पिकवणारा माणूस. गोव्याला एका लग्नाला गेलेला, तिथं त्यानं जेटस्की बघितली, आणि परत येताना त्याच्या डोक्यात दुसरं काही शिल्लक राहिलं नव्हतं. एक जुनी मिळाली. मग निपाणीच्या कुमारनं, ह्याचं मोबाईलचं दुकान आहे, दुसरी आणली. दोन मशीन आणि त्यांच्याभोवती हौस असलेली माणसं, झाला क्लब. अध्यक्ष अण्णा, कारण ट्रॅक्टर त्यांचा; खजिनदार कुमार. पहिल्यांदा ट्रॅक्टरमागं बांधून जेटस्की दूधगंगेच्या घाटावर नेली तेव्हा धुणं धुणाऱ्या बायकांना वाटलं फवारणीचं नवीन यंत्र आलं. एका म्हातारीनं खोलात जाऊन विचारलं, "ह्येला औत जोडता येतंय का रं?" अण्णा म्हणाले, "न्हाय आज्जी, ह्ये नुस्तं फिराय." म्हातारी म्हणाली, "मग आणलास कशाला?" ह्या प्रश्नाला क्लबपाशी अजून उत्तर नाही.

मी वडगावची. आमच्या घरी माग आहेत, आणि मी ज्या वयात इतर पोरी रांगोळ्या काढतात त्या वयापासून पत्रकं काढते. नळाचं पाणी, बसचा थांबा, गटार, जे समोर येईल ते. पद्माक्का आमच्याकडं मागावरची साडी घ्यायला आलेली. साडीचे काठ बघता बघता तिनं भिंतीला टेकवलेलं माझं पत्रक वाचलं, मला आपादमस्तक न्याहाळलं, आणि विचारलं, "पोहाय येतंय का गं तुला?"

"येतं की."

"मग चल आमच्यासंगं. बाप्यांच्यात मी एकटीच हाय."

अशी मी क्लबात आले. माझ्या घरी अजून वाटतं मी कुठल्या तरी महिला मेळाव्याला जाते. तसं ते खोटंही नाही, दोघींचा का होईना.

पद्माक्का नदीवर शिकली ते मी काठावरून बघितलंय. सलवारीचे पाय वर खोचलेले, वर ते नारिंगी जाकीट, आणि चेहऱ्यावर दुधाचा हिशेब घालतानाचा गंभीरपणा. पहिल्या खेपेला मशीन निघालं आणि ती "अगं बया" एवढंच म्हणाली, पण सुरात भीती नव्हती, तक्रार होती, एवढी वर्षं हे मला का सांगितलं नाहीत अशी. नंतर तिला वळण जमलं. मशीनच्या मागं पाण्यावर पांढरी रेघ उठते. मी मागवाल्याची पोर, मला ती रेघ धोट्यामागून धावणाऱ्या सुतासारखी दिसते. ह्या काठाकडून त्या काठाकडं, पुन्हा ह्या काठाकडं, आणि नदीचं कापड विणलं जातंय. फक्त दूधगंगेचा पन्हा लहान. जरा वेग घेतला की पलीकडचा ऊस अंगावर येतो. पद्माक्का मशीन बंद करून ओल्या केसांनी काठावर बसायची आणि म्हणायची, "ह्येला कुठंतरी गोल फिराय मिळाय पायजे. कुणी थांब म्हणणार न्हाय असं."

बेटाचं ठरलं तेव्हा तिनं एकच मागितलं. बेटाला एक पूर्ण वळसा. एकटीनं. अण्णा म्हणाले, "त्यात काय मोठं, घाल की." हे वाक्य मी लिहून ठेवायला हवं होतं, असं मला तेव्हाच वाटलं होतं.

ते बेट डोळ्यांपुढं आणायचं तर आधी घाट आणावा लागतो. पिकअपच्या मागं आडवी बांधलेली जेटस्की, वळणावळणाला मागून येणाऱ्या गाड्यांतली पोरं माना बाहेर काढून बघतायत, आणि आत आप्पा डोळे मिटून बसलेत. आप्पा म्हणजे अण्णांचे वडील. त्यांना समुद्राशी काही देणंघेणं नाही, पण घरात एकटं राहून करमत नाही म्हणून येतात, आणि आल्यावर सगळ्यांत जास्त मजा तेच करतात. घाट उतरला की हवा जड होते, कौलं दिसायला लागतात, माडांच्या झावळ्या रस्त्यावर वाकतात. आम्हा वरच्या लोकांना एवढी हिरवळ बघितली की हिला पाणी कोण पाजतं हाच प्रश्न पडतो. मग खाडी, मग समुद्र. नावाड्याच्या होडीत भांडी, स्टोव्ह, पाण्याचे कॅन आणि आप्पा. मशीनवर अण्णा आणि कुमार, होडीच्या दोन्ही अंगांनी, लग्नातल्या घोडेस्वारांसारखे.

बेट लहान. समोरच्या बाजूला वाळूचा एक तुकडा, त्यावर माड, मागं चढ आणि दाट झाडी. मागची बाजू ह्या वाळूवरून दिसतच नाही. नावाडी म्हणाला, तिकडं काळे खडक आहेत, त्यांच्यापासून लांबून जायचं, मग भीती नाही. पद्माक्का ते लहान पोरासारखं ऐकत होती. न दिसणाऱ्या बाजूचं तिला फारच कुतूहल होतं.

आता व्यवस्था समजून घ्या, कारण अन्याय व्यवस्थेतच दडलेला असतो. अण्णांचं घर जैन, शेतकरी, नेमाचं. सूर्य बुडायच्या आत जेवण, त्याला अंथऊ म्हणतात. सूर्य गेला की अन्न नाही, आप्पांना तर पाणीही नाही. ह्याबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट त्या घरी गेले की मीही लवकर जेवते आणि छान झोपते. पण समुद्राचंही एक वेळापत्रक असतं. सकाळी पाणी तेलासारखं शांत, तेव्हा पद्माक्का नाश्त्याला. दुपारी वारा उठतो, लाटा फुटायला लागतात, तेव्हा नवख्यानं मशीन घ्यायचं नाही असा क्लबचा नियम, आणि तो बरोबर आहे. संध्याकाळी वारा पडतो, पाणी पुन्हा निवतं, सोन्यासारखा तास असतो, आणि तेव्हा पद्माक्का अंथऊला. सूर्य बुडाला की मशीन पाण्यात न्यायला बंदी. म्हणजे एकच सूर्य, त्याच्यावर जेवणही टांगलेलं आणि फिरणंही, आणि दोन्हींच्या मधोमध एक बाई, हातात पळी घेऊन. ह्यात कुणीही वाईट नाही. माझा राग त्यामुळंच जास्त आहे. वाईट माणूस असता तर त्याच्यावर एक पत्रक काढून मोकळी झाले असते.

तर तो शनिवार. अण्णांचे वळसे झाले होते, कुमारचे झाले होते, माझाही एक झाला होता, अण्णांच्या मागं बसून. पद्माक्कानं दोरी मनगटाला बांधली. "अवो, आता मी जाते," ती म्हणाली.

अण्णांनी सूर्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघावं तसं. "पद्मा, आता गेलीस तर आप्पांचं अंथऊ ऱ्हाईल की गं. उद्या जा."

मी म्हटलं, "स्वयंपाक मी करते. तिला जाऊ दे."

"तुला पाणी गाळायची पद्धत ठावं न्हाय," अण्णा म्हणाले. आप्पांच्या स्वयंपाकाचं पाणी दुपदरी सुती कापडातून गाळावं लागतं, ते खरं. पण ते कापड आमच्या वडगावच्या मागावरचं. कापड विणायला आम्ही चालतो, धरायला चालत नाही.

पद्माक्कानं दोरी सोडली, गुंडाळून मशीनच्या सीटवर ठेवली, आणि पीठ मळायला बसली. मनगटावर दोरीचा वळ होता, त्यावर पीठ लागलं. भाकरी चांगल्या झाल्या. सगळे म्हणाले, समुद्रावर भाकरीला वेगळीच चव येते. आप्पा माडाखाली डोळे मिटून बसलेले, त्यांच्या कानावर यातलं काही गेलंच नव्हतं. आणि उद्या म्हणजे रविवारी सकाळी, समुद्र तेलासारखा शांत असताना, पद्माक्का पोहे करत होती.

परतीच्या घाटात मी तिला विचारलं, "आक्का, तुला राग कसा येत नाही?"

"येतोय की."

"मग बोलत का नाहीस?"

"बोलले असते. पन मग ती भाकरी कडू झाली असती, आन् खायाची मलाबी हुती." आणि हसली. हे असलं हसणं माझ्या चळवळीचा कणा मोडतं.

मी माझ्या पद्धतीनं गेले. पत्रक काढलं. वर मोठ्या अक्षरांत "जाहीर निषेध", खाली मुद्दे, शेवटी मागणी: पुढच्या ट्रिपेत पहिली दोरी पद्माक्काच्या हाताला. वखारीत जाऊन ते जेटस्कीच्या नाकावर चिकटवलं. अण्णांनी ते पूर्ण वाचलं, कागद बोटांनी चाचपला, आणि म्हणाले, "छपाई लई झ्याक झालीया. आमच्या सोसायटीच्या मीटिंगचं पत्रक काढून दे की असंच." कुमारनं फोटो काढून स्टेटसला ठेवला. पद्माक्का चिडली ती माझ्यावर. "काढ ते गं आदी. लोकास्नी वाटंल मी विलेक्शनला हुभारलीया."

आमच्या ह्या सीमेवरच्या मुलखात पाटी कुठल्या भाषेत हवी ह्यावर माणसं रात्रंदिवस बोलू शकतात. मीही बोलते, बोललंच पाहिजे. पण दिवसाचा शेवटचा तास कुणाच्या वाट्याला आला, ह्यावर बोलणी लावायला कुणी बसत नाही. उजेडाचीही वाटणी होत असते घराघरांत, आणि ती कधी कागदावर येत नाही. मी तो हिवाळाभर हेच घोळवत होते. निपाणीहून बसनं येताना बाहेर शेतात तंबाखूची पानं तांबूस होत होती, पश्चिमेला सूर्य कलत होता, आणि मला प्रत्येक खिडकीत, प्रत्येक पत्र्याच्या छपराखाली कुणीतरी पीठ मळताना दिसत होतं.

माघात दुसरी ट्रिप निघाली. तोच घाट, तेच बेट, तीच सर्दी झालेली जेटस्की. नावाड्यानं ह्यावेळी आधीच नाकाला पंचा बांधला होता. शनिवारचा दिवस तसाच सरकला, वारा तसाच उठला आणि तसाच पडला. पाणी निवलं. माडांच्या सावल्या लांब होऊन स्टोव्हपाशी आल्या. मी खिशात नवीन पत्रक घेऊन आले होते, पण ते बाहेर काढायची वेळच आली नाही. पद्माक्का पिठाची पिशवी घेऊन उठली, दोन पावलं चालली, थांबली, आणि माडाला टेकून बसलेल्या आप्पांसमोर जाऊन उभी राहिली.

सासऱ्यांना ती मामा म्हणते. "मामा, मला ह्या बेटाला वळसा घालायचाय. एकटीनं. उजेड हाय तवर."

आप्पांनी डोळे उघडले. "मग घाल की. कोण धरलंय तुला?"

"तुमचं अंथऊ."

आप्पांनी एकेकाकडं बघितलं. अण्णा वाळूत काहीतरी शोधायला लागले. कुमारला एकाएकी मोबाईलला रेंज आली.

"माझं अंथऊ," आप्पा हळूच म्हणाले. "म्हंजी मागच्या बारीला बी ही माझ्यामुळं ऱ्हायली व्हय रं?"

आप्पांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले, आणि हात खाली आणून म्हणाले, "झालं. नियम घेतला. आज माझा उपवास."

त्या घरात नियम घेतला म्हणजे विषय संपला. नियमाला कुणी समजूत घालत नाही, आग्रह करत नाही. ज्या रीतीनं पद्माक्काला स्टोव्हपाशी बांधून ठेवलं होतं, त्याच रीतीनं आप्पांनी तिला एका वाक्यात सोडवलं. मी एवढी पत्रकं लिहिली, पण इतका बिनतोड ठराव मला आजवर मांडता आलेला नाही.

पहिला सावरला तो कुमार. "आप्पा, पन आमचा न्हाय हो उपवास."

"मग पेटीव की इस्टू. हात हाईत न्हवं?"

अण्णा पुढं आले. दोरी त्यांच्याच हातात होती. त्यांनी ती पद्माक्काच्या मनगटाला बांधली, बारीक गाठ मारली, आणि विचारलं, "जमंल न्हवं?" ती म्हणाली, "तुमास्नी जमंल का ते बघा. रवा निळ्या डब्यात हाय." नावाडी होडी घेऊन आधीच मागच्या टोकाला थांबायला निघाला होता.

मशीन सुरू झालं. तंबाखूच्या वासाचा एक ढग आमच्याकडं आला आणि ती गेली. पांढरी रेघ सरळ पुढं गेली, मग उजवीकडं वळली, खडकांपासून लांबून, आणि बेटाच्या खांद्यामागं तुटली. आवाज थोडा वेळ आला, मग तोही झाडीनं गिळला.

इकडं क्लबचा अध्यक्ष आणि क्लबचा खजिनदार उप्पीट करत होते. रवा भाजायचा असतो ह्यावर दोघांचं एकमत झालं, किती ह्यावर झालं नाही. पाणी आधी का रवा आधी ह्यावर चर्चा लांबली. अण्णांनी कापड दुपदरी करून पाणी गाळलं, निम्मं डब्यात, निम्मं स्वतःच्या पायावर. मी मदतीला उठले तर आप्पांनी हातानं खुणावलं, बस. मी बसले. इतक्या आनंदानं मी कुठल्याच आंदोलनात बसलेली नाही. शेवटी जे तयार झालं ते पळीला चिकटून उलटं केलं तरी पडेना.

कुमारनं एक घास घेतला. "अण्णा, ह्ये उप्पीट न्हाय. ह्ये बांधकाम हाय."

"गप खा. सूर्य चाललाय."

आप्पा समाधानानं म्हणाले, "माझा उपवास हाय ते लई बरं झालं."

सूर्य खरंच चालला होता आणि मशीनचा आवाज अजून आला नव्हता. बेटाच्या डाव्या टोकाकडं आमच्या माना वळल्या त्या तशाच राहिल्या. अण्णा ताटली खाली ठेवून उठले. सूर्याची खालची कड पाण्याला टेकली आणि मला एकदम कळलं की ते कशाला उठले. पद्माक्कानं काही खाल्लं नव्हतं. आप्पांसारखीच तीही सूर्य गेल्यावर पाणीसुद्धा घेत नाही. आत्ता प्यायली नाही तर उद्या उजाडेपर्यंत घशाला कोरड, तीही खाऱ्या वाऱ्यात फिरून आल्यावर.

आधी गुणगुण आली, मग रेघ, मग ती. डाव्या टोकावरून वळली तेव्हा पाण्यावर तांबडा रस्ता पसरला होता आणि ती त्याच्यावरून सरळ आमच्याकडं येत होती, ओरडत. काय ओरडत होती ते ऐकू येत नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाली, "कुणाला ठावं. आलं तसं."

भरतेश अण्णांनी तांब्या भरला. स्वतः गाळलेलं पाणी. पँट वर न करता, मोबाईल खिशातच ठेवून ते समुद्रात शिरले, गुडघाभर, मग कंबरभर, तांब्या डोक्याच्या वर धरून, एकही खारट थेंब आत पडू नये म्हणून. सूर्य नखाएवढा उरला होता. तिनं मशीन बंद केलं, तरंगत तरंगत ते त्यांच्यापाशी आलं, आणि ती त्यांच्या हातातून तांब्या घेऊन घटाघटा पाणी प्यायली. लाल दोरी मनगटाला, तांब्या त्याच हातात. तांब्या खाली आला तेव्हा सूर्य नव्हता.

"कसं हाय पल्याडचं?" आप्पांनी काठावरून विचारलं.

"झाडं हाईत, मामा. खडक हाईत. ह्या अंगासारखंच हाय सगळं," ती म्हणाली. "पन कुणी हाक मारत न्हाय."

आता ह्या वर्षीची थंडी पडली आहे. बोरगावची वखार उघडली असेल, नावाड्यानं पंचा धुऊन ठेवला असेल. पद्माक्काचा निरोप आलाय, ह्या खेपेला दोन वळसे. अण्णा घरी उप्पीटाचा सराव करतायत, असं कुमार सांगतो, आणि अजून बांधकामच चालू आहे म्हणतो.

म्हणून माझी मागणी त्यांच्याकडं राहिलेली नाही. ती तुमच्याकडं आहे. तुमच्याकडं जेटस्की नसेल, समुद्र नसेल, सूर्य बुडायच्या आत जेवायची रीतही नसेल. पण दर रविवारी संध्याकाळी तुमच्या घरातला, तुमच्या ट्रिपेतला सोन्यासारखा तास कुणीतरी भांड्यावर वाकून घालवतं, आणि तुम्ही तिला उद्या जा म्हणता. येत्या रविवारी उजेड असतानाच उठा, दोरी तिच्या मनगटाला बांधा, आणि तिला परत यायला उशीर झाला तर हाका मारू नका. तांब्या भरून घ्या आणि कंबरभर पाण्यात जाऊन उभे राहा.